महिंद्राला देशात पहिलं आणणारे डेरिक परेरा : बचावपटू ते प्रशिक्षक

सोलापूर : महिंद्रा म्हटलं की आपल्याकडं आधी ट्रॅक्टर डोळ्यांपुढं येतो. पण याच कंपनीची मुंबईत फुटबॉलची टीमही होती. 2005-06 च्या हंगामात ही टीम राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये देशात पहिली आली. त्या टीमचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. स्वतः खेळत होते तेव्हा ते बचावपटू होते. खेळ थांबला की खेळाडूचं पुढं काय, असा प्रश्न गावातल्या पोरांच्या आईबापांना पडतो. त्यांनी ही वाटचाल जरूर वाचावी.

बचावपटूचं काम काय?

फुटबॉलमध्ये एका बाजूला 11 खेळाडू असतात. त्यातले साधारण चार आपल्या गोलच्या पुढं उभे राहून समोरच्याला अडवतात. त्यांना बचावपटू म्हणतात. कबड्डीत रेडर पॉइंट आणतो आणि टाळ्या घेतो, पण कव्हरला उभा असलेला गडी चुकला तर सामना हातचा जातो. फुटबॉलच्या बचावपटूचंही तसंच आहे. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, गोल अडवणाऱ्याचं क्वचितच. मात्र मागं उभं राहिल्यानं त्याला सगळं मैदान समोर दिसतं. कोण जागा सोडतोय, कोण दमलाय, हे तो बघत असतो आणि पुढच्यांना ओरडून सांगत असतो. प्रशिक्षकाचं निम्मं काम हेच. बरेच बचावपटू पुढं प्रशिक्षक होतात, त्यामागं हे एक कारण आहे.

खेळाडू म्हणून

परेरा यांचा जन्म 17 मार्च 1962 चा. गोव्याच्या साळगावकर क्लबकडून ते खेळले. याच क्लबनं 1988 आणि 1989 असा सलग दोन वर्षं फेडरेशन कप जिंकला. 1980 च्या दशकात आणि 1990 च्या सुरुवातीला परेरा भारताच्या संघातही होते. त्या काळी देशात आजच्यासारखी व्यावसायिक लीग नव्हती. राष्ट्रीय लीग सुरू झाली ती 1996 मध्ये, म्हणजे त्यांचा खेळण्याचा काळ सरल्यावर. त्यामुळं मोठ्या लीगमध्ये त्यांचं नाव झालं ते प्रशिक्षक म्हणूनच.

मुंबईत महिंद्रा

महिंद्राची टीम 1962 पासूनची. कूपरेज हे तिचं मैदान. परेरा यांच्या हाताखाली 2005-06 मध्ये महिंद्रा युनायटेडनं फेडरेशन कप आणि राष्ट्रीय लीग अशी दोन्ही विजेतेपदं मिळवली. तोवर ही लीग पंजाब, बंगाल आणि गोव्याच्या क्लबांकडंच जात होती. महाराष्ट्रात ती पहिल्यांदाच आली. 2007 मध्ये महिंद्रा एएफसी कप या आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचली.

पुढं 2010 मध्ये कंपनीनं ही टीम बंद केली. एवढं जिंकलेली टीम गेली म्हटल्यावर फुटबॉलवाले हळहळले. परेरा यांनी नंतर पुण्यात काम केलं.

पुण्याची टीम

पुणे एफसी हा क्लब 2007 मध्ये स्थापन झाला. राष्ट्रीय लीगचं नाव तोवर आय-लीग झालं होतं. 2009-10 मध्ये पुणे एफसी पहिल्यांदा वरच्या गटात खेळली आणि थेट तिसरी आली. 2012-13 मध्ये ती दुसरी आली, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागं. बालेवाडीच्या मैदानावर खेळणाऱ्या या क्लबनं पोरांसाठी अकादमीही चालवली.

2013 मध्ये परेरा आपल्या जुन्या साळगावकर क्लबकडं प्रशिक्षक म्हणून परतले. 2013-14 च्या आय-लीगमध्ये साळगावकर तिसरी आली. इकडं पुणे एफसी 2015 मध्ये बंद पडली. पुण्याच्याच डीएसके शिवाजीयन्स टीमला 2015-16 मध्ये परेरा यांनी प्रशिक्षण दिलं. ती टीमही 2017 नंतर आय-लीगमध्ये दिसली नाही.

म्हणजे महाराष्ट्रात त्यांनी ज्या तीन टीम सांभाळल्या, त्यातली एकही आज वरच्या लीगमध्ये नाही. मैदानावरच्या निकालापेक्षा मालकांच्या हिशेबाचा भाग यात मोठा होता. तिकीटविक्री आणि टीव्हीचा पैसा तुटपुंजा होता, खर्च मात्र कोटींत. कंपनीनं हात आखडला की खेळाडू, प्रशिक्षक, मैदान सांभाळणारे सगळेच उघड्यावर येतात.

गोव्यात आणि भारतीय संघासोबत

त्यानंतर परेरा एफसी गोवाकडं गेले. मार्च 2019 मध्ये आशियाई पात्रता स्पर्धेत भारताच्या 23 वर्षांखालील संघाचे ते मुख्य प्रशिक्षक होते. डिसेंबर 2021 मध्ये एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांडो ऐन हंगामात क्लब सोडून कोलकात्याला गेले. तेव्हा टीम सांभाळायला परेरा पुढं आले. त्या हंगामात गोवा नवव्या नंबरवर राहिली. अर्ध्यात दुसऱ्याची टीम हातात घेणं म्हणजे पेरणी दुसऱ्याची आणि राखण आपली.

एवढ्या वरच्या लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक व्हायचं तर एएफसी प्रो लायसन्स लागतं. परेरा यांच्याकडं ते होतं. नुसत्या जुन्या खेळाच्या नावावर ही जबाबदारी मिळत नाही.

आपल्या पोरांसाठी काय?

सोलापूर जिल्ह्यात कुस्ती, कबड्डी, खो-खोचं वेड जास्त. फुटबॉल म्हटलं की कोल्हापूरचं नाव निघतं. तिथला अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण शालेय क्रीडा स्पर्धांत फुटबॉल आहेच. शाळेनं टीम उतरवली तर तालुका, जिल्हा, विभाग अशी वाट खुली असते.

खेळून फार पुढं जाता आलं नाही तरी प्रशिक्षक होण्याचा रस्ता वेगळा आहे. लायसन्सच्या पायऱ्या खालून वर अशा : डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी लायसन्स लहान मुलांना शिकवण्यापुरतं असतं. त्यासाठी भारताकडून खेळलेलं असावं लागत नाही. महाराष्ट्रात हे कोर्स वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, या राज्य संघटनेमार्फत होतात. शाळा, अकादमी किंवा क्लबमध्ये प्रशिक्षकाचं काम मागताना हे लायसन्स उपयोगी पडतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. फुटबॉलमध्ये क्लबची नोकरी कायमची नसते. परेरा यांच्यासारख्या विजेत्या प्रशिक्षकालाही मुंबई, पुणे, गोवा असं फिरावं लागलं. म्हणून पोरानं मैदान धरलं तरी बारावी, पदवी सोडू नये आणि जमलं तर शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. करावी. शिक्षण आणि लायसन्स दोन्ही हाताशी असलं, तर एक टीम बंद पडली तरी दुसरं काम शोधता येतं.