कोठारातला हिशेब

दोंडाईच्याच्या बाजारात ओली लाल मिरची येते, ती तशीच कोणी मुंबईला धाडीत नाही. गावाबाहेरच्या पथारीवर ती पसरतात, वाळवतात, निवडतात आणि मग पोती गाडीवर चढतात. कापसाचेही तेच. वेचलेल्या कापसाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश सरकीच असते. तिचे भाडे भरून ती दूरच्या गिरणीपर्यंत न्यावी कशाला? सरकी काढण्याचे काम खानदेशातल्या जिनांतच उरकते. माल जेथे आहे तेथेच त्याच्यावरचे पहिले काम करावे, हा व्यवहार आमच्याकडे कोणाला शिकवावा लागत नाही. त्यामुळे संगणकाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मला नवल वाटले ते या यंत्राच्या बुद्धीचे नव्हे, त्याच्या हमालीचे.

संगणकात स्मृती एका बाजूला असते आणि बेरीज-वजाबाकी करणारा विभाग दुसऱ्या बाजूला. प्रत्येक आकडा कोठारातून काढावयाचा, वाहून न्यावयाचा, त्यावर काम करावयाचे आणि पुन्हा कोठारात आणून ठेवावयाचा. ही मांडणी जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ सालच्या टिपणातून रूढ झाली. त्या काळी ती शहाणपणाचीच होती. निर्वात नळ्या महाग आणि बेभरवशाच्या. तेव्हा बेरीज करणारे एकच यंत्र करावे आणि सारे आकडे रांगेने त्याच्या दारी आणावेत, हे ओघानेच आले. पुढे १९७७ साली जॉन बॅकस यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात या अरुंद वाटेवर कडाडून टीका केली. फोरट्रान भाषा घडविणाऱ्या चमूचे ते प्रमुख. म्हणजे तक्रार घरच्याच माणसाची होती.

आपल्याकडचे पहिले मोठे यंत्र याच मांडणीचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी आधी एक लहान नमुना उभा केला आणि १९६० साली पूर्ण यंत्र चालू केले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २०४८ शब्द मावत. प्रत्येक अंकाला फेराइटची एक बारीक कडी, म्हणजे ८१,९२० कड्या, तारांत ओवलेल्या. आज खिशातल्या फोनपुढे हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण त्या कड्यांचे काम कसे चाले हे पाहण्यासारखे आहे.

आडव्या तारेतून निम्मा प्रवाह सोडावयाचा, उभ्या तारेतून निम्मा. एकट्या निम्म्याने कडी हलत नाही. जेथे दोन्ही तारा भेटतात तेथलीच कडी आपले चुंबकत्व पालटते. ‘हाही आहे आणि तोही आहे’ असा निर्णय प्रत्यक्षात ती कडीच घेते! शिवाय वाचावयाची रीतही विलक्षण: कडीला बळेच शून्याकडे ढकलावयाचे, ती पालटली तर आधी तेथे ‘एक’ होता. वाचताच मजकूर पुसला जाई आणि पुन्हा लिहावा लागे. स्मृती हे मुके कोठार कधीच नव्हते, असे मला यावरून म्हणावेसे वाटते. आपण तिला कोठार म्हणून राबविले, एवढेच.

हा विचार शास्त्रज्ञांना सुचला नाही असे नाही. १९६९ साली विल्यम कॉट्झ यांनी आणि १९७० साली हॅरोल्ड स्टोन यांनी स्मृतीतच तर्कक्रिया घडविण्याच्या योजना मांडल्या. १९९० नंतर बर्कलीला डेव्हिड पॅटरसन यांनी स्मृती आणि हिशेबनीस एकाच चिपवर बसविण्याचा खटाटोप केला. बाजाराने दाद दिली नाही. स्मृतीची चिप करण्याची कृती वेगळी, वेगवान हिशेबाच्या चिपेची वेगळी. एका भट्टीत दोन्ही नीट भाजत नाहीत. त्यात दरवर्षी हिशेबनीस आपोआपच जलद होत होता, मग मांडणी मोडण्याच्या भानगडीत पडणार कोण?

पण हमालीचे भाडे वाढत गेले. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेला हिशेब असा की, एक साधी बेरीज करण्यास जेवढी ऊर्जा लागते तिच्या हजारो पट ऊर्जा तो आकडा बाहेरच्या स्मृतीतून आणण्यात जाते. एवढे भाडे खानदेशातला कोणताही व्यापारी एक हंगामसुद्धा भरणार नाही.

मग जुनी गोष्ट नव्या रूपाने आली. आजच्या डीरॅम स्मृतीत कडीऐवजी इवलासा विद्युत्‌भार असतो, आणि तोही वाचताना ढळतो व पुन्हा भरावा लागतो. विवेक शेषाद्री व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली ‘अँबिट’ या योजनेत नेमका याचाच उपयोग केला. तीन ओळी एकदम उघडल्या की त्यांचे भार एकमेकांत मिसळतात आणि बहुमत ज्याचे तो निकाल ठरतो. तिसऱ्या ओळीत आधी शून्य ठेवले तर ‘आणि’, एक ठेवला तर ‘किंवा’. आकडा कोठाराबाहेर पडतच नाही. २०१९ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी तर बाजारातल्या साध्या चिपांना ठरल्या वेळेआधीच हुकूम देऊन, त्यांत काहीही न बदलता, असा हिशेब करून दाखविला. अडचण मात्र उरतेच: ज्या आकड्यांचा हिशेब व्हावयाचा ते आधी शेजारशेजारच्या ओळींत मांडलेले हवेत. पथारीवर हिरवी, लाल आणि डागी मिरची एकत्र ओतून कसे चालेल? आणि मांडणीचे हे ओझे शेवटी कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या माथी येते.

२०२१ साली सॅमसंगने हिशेब करणारी स्मृती जाहीर केली. २०२४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीतोष गोस्वामी यांच्या गटाने रेणूंच्या पातळ थराची स्मृती सिद्ध केली. तिच्या एकेका बिंदूवर शून्य आणि एक एवढ्यावर न थांबता साडेसोळा हजारांच्या आसपास वेगवेगळ्या पायऱ्या धरता येतात. तारांत प्रवाह सोडला की गुणाकार त्या बिंदूंवरच होतो आणि बेरीज तारेत. जाळी ६४ आडव्या आणि ६४ उभ्या तारांची आहे.