वर्गाबाहेर पडलेली मुले

सहामाही परीक्षेच्या आधीची गोष्ट. वर्गात एक मुलगा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाला. सारा वर्ग हसला. आणि खरे सांगायचे तर मीही हसलो. मुलाने मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. त्या रात्री मला अमेरिकेतल्या एका मास्तराची आठवण झाली. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला माणूस. इतिहास शिकलो तो वाचून. तेव्हा वाचकहो, फराळाच्या ताटाशी बसून ही परमुलखातली हकिकत ऐका.

मास्तराचे नाव साल्व्हादोर कास्त्रो. सगळे त्यांना साल म्हणत. जन्म लॉस एंजेलिसचा, १९३३ सालचा. कॅलिफोर्निया १८४८ पर्यंत मेक्सिकोचाच मुलूख होता. तरी पुढे तिथल्या शाळांत स्पॅनिश बोलल्याबद्दल मेक्सिकन वंशाच्या मुलांना मार बसे. हुशार मुलांनाही कॉलेजाची वाट न दाखवता हातकामाच्या वर्गांकडे वळवीत. माराचे वळ दोन दिवसांत जातात. पण ‘आपणच कमी आहोत’ हे एकदा मनात बसले की ते निघत नाही.

कास्त्रो लिंकन हायस्कुलात शिकवीत. मालिबूला १९६३ पासून या तरुणांची शिबिरे भरू लागली. त्यांत त्यांचा पुढाकार असे. जो तो मुलगा आपले दुःख एकट्याचेच समजून गप्प बसलेला. तिथे एकाने तोंड उघडले की दुसरा म्हणे, “माझेही असेच!” निम्मे ओझे तिथेच उतरत असावे, असे मला वाटते.

मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. मागणे काय? दोन्ही भाषांतून शिक्षण, पुस्तकात आपल्या लोकांचा इतिहास आणि आपल्यातले शिक्षक. काही ठिकाणी पोलिसांनी लाठ्या चालवल्या. कास्त्रोंसह १३ जणांवर कटाचा आरोप आला. कास्त्रोंना वर्गावरून दूर केले. तेव्हा पालक आणि विद्यार्थी शिक्षण मंडळाच्या सभागृहातच ठाण मांडून बसले आणि आपला मास्तर परत मिळवूनच उठले. १९७० मध्ये वरच्या न्यायालयाने तो आरोपही रद्द केला.

सगळ्या मागण्या काही पदरात पडल्या नाहीत. पण घरी आईबापांशी ज्या भाषेत बोलतो तिची लाज धरायची नाही, एवढे ती मुले शिकली. २०१० मध्ये त्याच शहरातल्या एका शाळेला कास्त्रोंचे नाव दिले गेले. ते पाहून २०१३ मध्ये त्यांनी डोळे मिटले.

आता सुट्टी संपली की त्या मुलाला उभा करणार आहे. त्याच्या घरची दिवाळी त्याने त्याच्याच बोलीत सांगायची. त्याआधी मात्र साऱ्या वर्गासमोर मला त्याची माफी मागायची आहे.