दारातली गाडी, रकान्यातली गाडी

नांदेड-लातूरकडच्या घरगुती मोटारींचा इतिहास लिहिताना पहिला प्रश्न मोजणीचा येतो. परिवहन कार्यालय वाहने मोजते, जनगणना घरे मोजते. या दोन आकड्यांची सरमिसळ झाली की निष्कर्ष फसतो.

निजामी राजवटीत, १९३२ साली, हैदराबाद संस्थानाने रेल्वेच्या जोडीला सरकारी बससेवा सुरू केली. सामान्य माणसाची मोटारीशी ओळख झाली ती बसमधूनच. स्वतःची मोटार मोजक्या धनिकांपुरती राहिली. स्वातंत्र्यानंतरही अॅम्बेसेडर किंवा फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. १९९१नंतर परवाना पद्धत सैल झाली, हप्त्यांवर कर्ज मिळू लागले आणि प्राध्यापक, डॉक्टर, आडते यांच्या दारात चारचाकी दिसू लागली.

तरी गाडी 'घरोघरी' पोचली, असे म्हणता येत नाही. २००१च्या जनगणनेत देशातल्या शंभरांपैकी अडीच घरांकडे कार, जीप वा व्हॅन होती, २०११मध्ये ४.७ घरांकडे. प्रमाण जवळपास दुप्पट झाले, पण ९५ घरे चारचाकीविनाच होती. दुचाकी २१ घरांत होती, सायकल सुमारे ४५ घरांत.

आपल्याकडे हे आकडे आणखी जपून वाचावे लागतात. दिवाळीत लातूरच्या गल्ल्यांत एमएच-२४ इतक्याच ठळकपणे पुण्याच्या एमएच-१२ आणि पिंपरी-चिंचवडच्या एमएच-१४ पाट्या दिसतात. त्या गाड्यांमागे इथल्याच मातीतली कमाई किंवा शिक्षण असते, नोंद मात्र तिकडची. लग्नात दिलेली गाडी नवरदेवाच्या दारात मोजली जाते. तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा मुलीच्या बापाच्या सातबाऱ्यावर राहतो. 'गाडी आहे का?' या रकान्यात ती कोणाच्या पैशाने आली, हे येत नाही.

हा वाद केवळ आकड्यांचा नाही. २०२१च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२पर्यंत लांबला, तेव्हा गाडीवाल्या घरांचे निभावले. खेड्यातून तालुक्याला शिकायला जाणाऱ्या मुली, दवाखान्याला निघालेले म्हातारे यांना काळी-पिवळीचे जास्तीचे भाडे मोजावे लागले, नाही तर घरी बसावे लागले. वाहनांची वाढती नोंदणी दाखवून एसटीची फेरी कमी करण्याचा विषय निघेल, तेव्हा गावकऱ्यांनी दुसरा आकडा मागावा: या गावात गाडी नसलेली घरे किती?