प्रेअरी क्लोव्हरच्या जाती : नामभेद आणि लक्षणभेद यांचा इतिहास

भाषेच्या अभ्यासकास नेहमी दोन कामे करावी लागतात. एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांतील भेद दाखविणे हे पहिले, आणि भिन्न दिसणाऱ्या रूपांमागील एकच शब्द ओळखणे हे दुसरे. वनस्पतींचे वर्गीकरण करणारासही हीच दोन कामे करावी लागतात. उत्तर अमेरिकेच्या विस्तीर्ण तृणभूमीत, म्हणजे प्रेअरीत, वाढणाऱ्या 'प्रेअरी क्लोव्हर' या रानवनस्पतींचा इतिहास या दृष्टीने तपासण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

प्रथम नावाविषयी. खरे क्लोव्हर म्हणजे ट्रायफोलियम प्रजाती. आपल्याकडील चाऱ्याचे बरसीम हे तिच्यातलेच. प्रेअरी क्लोव्हर एकाच शिंबावंत कुलातील असले, तरी प्रजाती निराळी. तिचे आजचे शास्त्रीय नाव डेलिया. इंग्लंडमधील औषधविक्रेता व वनस्पतिज्ञ सॅम्युएल डेल (१६५९–१७३९) याच्या स्मरणार्थ ते दिलेले आहे. लिनीअसने १७५३ च्या आपल्या ग्रंथात मात्र ही प्रजाती स्वतंत्र न ठेवता सोरालियात घातली. आपली बावची त्याने त्याच प्रजातीत नोंदविली होती. पुढे दोघींचीही तेथून पाठवणी झाली. बावची क्युलेन प्रजातीत गेली आणि डेलिया स्वतंत्र झाली.

प्रेअरीतील जातींचा खरा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी उपस्थित झाला. जांभळ्या फुलांच्या जातीस फ्रेंच वनस्पतिज्ञ व्हेंतना याने डेलिया पुर्पुरिया म्हटले. पांढऱ्या फुलांची जात विल्डेनोने १८०२ साली डेलिया कँडिडा या नावाने प्रसिद्ध केली. १८०३ साली आंद्रे मिशो याचा उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाला. त्यात या दोन्ही जातींसाठी पेटॅलोस्टेमॉन ही नवी प्रजाती कल्पिलेली होती आणि जांभळ्या जातीस 'व्हायोलेसियम' हे निराळे विशेषण दिलेले होते. अशा रीतीने एकाच वनस्पतीस दोन नावे पडली. अग्रक्रमाच्या नियमाने व्हेंतनाचे विशेषण आधीचे म्हणून शेवटी तेच टिकले.

मिशोच्या शब्दाची व्युत्पत्ती पाहण्यासारखी आहे. ग्रीकमध्ये 'पेटॅलॉन' म्हणजे पान किंवा पाकळी, आणि 'स्टेमॉन' म्हणजे मुळात मागावरील ताणा. त्यावरून तंतू आणि पुढे पुंकेसर. या फुलात एक पाकळी स्वतंत्र असते. उरलेल्या चार पाकळ्या पुंकेसरांच्या नळीच्या टोकाशी केसरांच्या आलटून पालटून बसविल्यासारख्या असतात. नाव म्हणजे फुलाचे वर्णनच होय. मात्र या शब्दाचे लिंग स्थिर राहिले नाही. जुने ग्रंथ चाळणाऱ्यास कँडिडम, कँडिडस व कँडिडा ही तीन रूपे आढळतात. ही तीन वनस्पतींची नावे नव्हेत. पांढरे, पांढरा, पांढरी असा हा केवळ लिंगानुरूप फरक आहे. व्याकरणाकडे दुर्लक्ष केल्यास येथे जातींची संख्या उगाच वाढते.

स्वतंत्र प्रजातीचा मुख्य आधार पुंकेसरांची संख्या हा होता. पेटॅलोस्टेमॉनमध्ये ते पाच, तर डेलियात सामान्यतः नऊ किंवा दहा. दीड शतकाहून अधिक काळ ही सीमारेषा बहुतेकांनी मानली. डॉन वेम्पल यांनी १९७० साली पेटॅलोस्टेमॉनचे पुनरीक्षण प्रसिद्ध केले, तेही ती स्वतंत्र प्रजाती मानूनच. पुढे सातच वर्षांनी, १९७७ साली, रूपर्ट बार्नबी यांचा ८९१ पृष्ठांचा ग्रंथ निघाला आणि त्यात पेटॅलोस्टेमॉन डेलियात विलीन झाली. बार्नबी यांचे विद्यापीठीय शिक्षण इतिहास व आधुनिक भाषा या विषयांचे होते. वनस्पतिशास्त्र त्यांनी स्वतःच आत्मसात केले होते. वनस्पती त्याच होत्या. कोणत्या लक्षणास किती वजन द्यावे, याविषयीचा निर्णय तेवढा बदलला. उच्चारातील एकाच भेदावरून दोन बोलींना दोन भाषा ठरविता येत नाहीत. त्यासाठी अनेक भेद एकत्र यावे लागतात. येथेही न्याय तोच आहे.

हाच न्याय जाती ओळखतानाही पाळावा लागतो. पाहणारा स्वाभाविकपणे रंगाकडे वळतो. परंतु जांभळ्या जातीत क्वचित पांढऱ्या फुलांची झाडेही आढळतात. म्हणून पानाकडे व संवर्ताकडे पाहणे इष्ट. पुर्पुरियाच्या संयुक्त पानात बहुधा तीन ते सात अगदी अरुंद पर्णिका असतात आणि संवर्त दाट लवेने भरलेला असतो. कँडिडाच्या पर्णिका रुंद असतात आणि संवर्ताची नळी सामान्यतः गुळगुळीत असते. नटॉलने १८१८ साली वर्णिलेली व्हिलोझा ही जात वाळूत वाढते. तिच्या पर्णिका पुष्कळ असून सर्वांगावर रेशमी लव असते. गॅटिंगेरी ही टेनेसी व आसपासच्या प्रदेशांतील चुनखडीच्या उघड्या माळांवर जमिनीलगत पसरते. फोलिओझाच्या एकेका पानात वीस व त्याहून अधिकही पर्णिका असतात.

याहून वेगळी एक वर्गीकरणपद्धती तेथील मूळ रहिवाशांपाशी होती. मेल्विन गिलमोर यांनी १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या, मिसूरी नदीच्या खोऱ्यातील लोकांच्या वनस्पतिज्ञानावरील ग्रंथात जांभळी व पांढरी या दोन्ही जाती एकत्र नोंदविल्या आहेत. पॉनी लोकांच्या एका नावाचा अर्थ 'केरसुणीचे झुडूप' असा आहे, कारण चिवट काड्यांची केरसुणी करीत. हे अज्ञान नव्हे. केरसुणी बांधणारास फुलाच्या रंगाचा भेद निरर्थक असतो. भेद कोणत्या कार्यासाठी करावयाचा, यावर तो कोठे करावयाचा हे ठरते.

आज हे कार्य कोणते, हे फोलिओझाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. टेनेसी व अलाबामा येथील चुनखडीचे माळ आणि इलिनॉयमधील डोलोमाइटी प्रेअरी एवढ्याच मर्यादित क्षेत्रात ती आढळते. १९९१ साली अमेरिकेच्या संघ सरकारने तिचा संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत समावेश केला. तिची फुलेही जांभळीच आहेत. केवळ रंग पाहून कोणी तिला सर्वत्र आढळणारी पुर्पुरिया समजला, तर तिच्या अखेरच्या जागांपैकी एखादी नकळत नांगराखाली किंवा बांधकामाखाली जाईल. कायद्याचे संरक्षण नावास मिळते. ते योग्य झाडापर्यंत पोहोचविणे हे मात्र पर्णिका मोजणाऱ्याचे काम आहे.

प्रजातीचे नाव डेलिया असावे की पेटॅलोस्टेमॉन, याविषयी मतभेद होऊ शकतो, आणि तो झालाही. परंतु नावे बदलत असताना त्यांमागील लक्षणांची नोंद अखंड राहिली, म्हणूनच मिशोची वनस्पती आज आपण ओळखू शकतो. शब्दकोशकारानेही यातून एवढा बोध घ्यावा की, रूप देताना त्याचा पुरावाही सोबत द्यावा.