डोईचा पटका



वैशाखात जळगाव-धुळ्याकडे पारा कित्येकदा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात आपले आजे-पणजे शेतावर निघत ते डोईला पटका गुंडाळूनच. विहिरीवर दोरी तोकडी पडली तर पटका तांब्याला बांधायचा, त्यानेच घाम पुसायचा, दुपारी बांधावर तोच उशाला घ्यायचा. वस्तू अशी कामाची. पण तिच्या नावाचं कूळ थेट राजवाड्यातलं आहे, बरं का!

संस्कृतात ‘पट्ट’ म्हणजे कापडाची किंवा धातूची लांब पट्टी. त्यातूनच आपला पटका आला. पट्टी आणि पट्टा ही त्याची भावंडे. तांब्याच्या पत्र्यावर राजाने दान कोरून दिले, तो ताम्रपट. राजाच्या मस्तकावरील सोन्याच्या पट्टीलाही ‘पट्ट’च म्हणत. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त तिचे नियम सांगितले आहेत : राजाच्या पट्टाला पाच शिखा, राणीच्या व युवराजाच्या पट्टाला तीन, सेनापतीच्या पट्टाला एक. असा पट्ट ल्यायची ती पट्टराणी. पुढे मराठ्यांच्या फौजेत जरीपटका फडकला, तेव्हा हा शब्द डोक्यावरून निशाणाच्या काठीवर चढला.

म्हणजे पहा, राजाचा पट्ट सोन्याचा, कुणब्याचा पटका सुताचा. शब्दाचं मूळ मात्र एकच. मानही तसाच. दुसऱ्याच्या पायाशी पटका ठेवणे म्हणजे आपली सारी अब्रू त्याच्या हवाली करणे, असे गावोगाव समजत.

डोक्याला कापड वेढण्याची चाल तर याहूनही जुनी. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या दहाव्या लेण्यातली सर्वांत जुनी चित्रे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यातल्या माणसांच्या डोक्यांवर कापडाचे वेढे आणि गाठी दिसतात. गुरुजी, मुलांची सहल नेलीत तर तेवढे आवर्जून दाखवा.

आता पटका शेतातून बहुतेक उठला. लग्नाच्या मांडवात तयार फेटे येतात. वस्तू गेली की तिचे शब्दही मागोमाग जातात. म्हणून एक काम सांगतो. मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. पटका किती हातांचा असे, पहिला वेढा कुठून घ्यायचा, शेवटचं टोक कुठे खोचायचं, त्याला काय म्हणत, हे त्यांच्याच अहिराणीत लिहून आणायला सांगा. ताम्रपटावर राजांची दाने टिकली. आपल्या पटक्याचे शब्द निदान शाळेच्या वहीत तरी टिकू द्या.