कोगनोळीचा नाका आणि बोलणारी चित्रे

कोल्हापूरहून गोव्याला परतायच्या दोन वाटा. एक गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोली घाटाने उतरणारी, आणि दुसरी कागल, निपाणी, बेळगाव करून चोर्ला घाटाने येणारी. दुसऱ्या वाटेवर कागल सुटले, दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळी येते. महाराष्ट्र मागे राहतो, कर्नाटक सुरू होते. रस्त्याकडेची माणसे मात्र आधी बोलत होती तेच मराठी बोलत असतात.

२०२१च्या ऑगस्टमध्ये मी या वाटेने परतत होतो. कोविडचे दिवस. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येकाचा आरटीपीसीआरचा कागद कोगनोळीच्या नाक्यावर तपासला जात होता. गाड्यांची रांग लांबलचक. कंटाळून खाली उतरलो आणि चहाच्या टपरीवर गेलो. टपरीवाल्याची दहा-अकरा वर्षांची मुलगी बाकड्यावर मोबाईल घेऊन बसली होती. पडद्यावर कुणी बाई नकाशा दाखवून नद्यांचा धडा शिकवत होत्या.

"शाळेचा धडा काय गं?" मी विचारले.

"न्हाई काका. ह्यो महाराष्ट्राचा हाय. आमचं पुस्तक येगळं."

"मग कशाला बघतेस?"

"मराठीत सांगत्यात. कळतंय."

तिच्या त्या एका शब्दाने मला बरेच दिवस अस्वस्थ केले. कळतंय! शिक्षणात चित्र, आवाज, पडदा आणण्याची जी खटपट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे, तिचा सगळा हिशेब शेवटी या शब्दापाशीच तपासावा लागतो. कागद असल्याशिवाय माणसाला नाका ओलांडता येत नव्हता. धडा मात्र कुणालाही न विचारता ओलांडून आला होता. पण नुसता ओलांडून आला म्हणजे पोचला असे होते का?

मित्रहो, 'मल्टिमीडिया' हा शब्द संगणकाबरोबर आला म्हणून ती गोष्टही नवी, असा आपला एक समज आहे. आपल्याकडे ती जुनीच. आमच्या पेडण्यापासून फार लांब नसलेल्या कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी आहेत. ठाकर समाजातील या कलावंतांना सावंतवाडीच्या राजांचा आश्रय होता. एकेका आख्यानाच्या चित्रांची एक पोथी. त्यातले एकेक चित्र समोर धरायचे, वाद्यांच्या साथीने गायचे आणि मध्येच थांबून साध्या बोलीत अर्थ सांगायचा. रामायण-महाभारतातले प्रसंग निरक्षर कोकणाला असे तोंडपाठ झाले. चित्र दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथातही सापडतो. आजचा हा सीमाभाग त्याच चालुक्यांच्या राज्यातला. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, म्हणजे मी कोगनोळीला अडकलो त्याच वर्षी. चित्रकथीत चित्र आहे, सूर आहे, शब्द आहे आणि मुख्य म्हणजे समोर बसलेल्यांचे चेहरे वाचणारा माणूस आहे. आख्यान कळत नाही असे दिसले तर तो पुन्हा सांगतो.

पुढे यंत्रे आली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याआधी, १९१२ साली, दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरायचा आणि रोज ठरावीक जागेवरून थोडे थोडे चित्रण करायचे. पडद्यावर पाहणाऱ्याला कोंब फुटून वेल होताना क्षणात दिसे. फाळक्यांचा हेतू भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्याचा होता, वर्गात शिकवण्याचा नव्हता. तरीही वनस्पतिशास्त्राचा याहून चांगला धडा कुठला?

आवाजाचे सामर्थ्य आम्हा गोवेकरांना कुणी वेगळे सांगायला नको. पोर्तुगीज राजवटीने वृत्तपत्रांचे तोंड बांधले होते, तेव्हा नोव्हेंबर १९५५पासून मुक्तीपर्यंत एक गुप्त रेडिओ केंद्र गोव्याच्या सीमेबाहेरून बोलत राहिले. आधी आंबोलीच्या रानातून, मग कॅसलरॉकहून. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ते चालवले. दडवून ठेवलेल्या बातम्या कोकणी आणि पोर्तुगीजमधून सांगितल्या. ते लोकशिक्षणच होते. सीमेवरच्या पहाऱ्याला ते अडवता आले नाही, आणि कोकणीतून होते म्हणून ते घराघरांत समजले.

आता दूरदर्शनची गोष्ट. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने 'साइट' हा प्रयोग केला. स्वप्न विक्रम साराभाईंचे. सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी निवडली, तिथे सार्वजनिक टीव्ही संच बसवले. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते. विजापूर म्हणजे बेळगावचा शेजारी जिल्हा. महाराष्ट्र सहा राज्यांत नव्हता. कार्यक्रम हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडियातून होत. मराठीची त्यात जागा नव्हती. आकाशातून सगळी जमीन एकसारखी दिसते, पण आकाशातून बोलायचे झाले की आधी भाषा ठरवावी लागते, आणि ती ठरली की कुणीतरी बाहेर राहतोच.

या प्रयोगातला एक भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्याचीच आठवण सर्वांत कमी निघते. सुट्टीच्या काळात, दोन तुकड्यांत, प्राथमिक शाळांच्या सुमारे ५० हजार शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण दिले गेले. टीव्ही, रेडिओ, छापील पुस्तिका आणि हाताने करायचे प्रयोग यांची ती एकत्र शिदोरी होती, आणि तिला तेव्हाच 'मल्टिमीडिया' म्हटले होते. म्हणजे योजना आखणाऱ्यांना नेमके ठाऊक होते की मुलाआधी गुरुजींच्या हातात काही पडले पाहिजे.

ठाऊक असूनही पुढे काय झाले? महाराष्ट्रात १९८४ साली पुण्याला 'बालचित्रवाणी' सुरू झाली. मराठीतून शालेय कार्यक्रम करणारी ती संस्था. तिच्यासारखे कार्यक्रम मुलांपर्यंत पोचावेत म्हणून केंद्र सरकारच्या योजनेतून शाळांना रंगीत टीव्ही आणि कॅसेट वाजवणारे रेडिओ मिळाले. माझ्याही शाळेत एक टीव्ही होता. होता म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटात होता. बिघडला तर जबाबदार कोण, या भीतीने तो कधी वर्गात आलाच नाही. पुढे कारकून झालो आणि डेड स्टॉक रजिस्टर माझ्या टेबलावर आले, तेव्हा त्या भीतीचा अर्थ कळला. वस्तू वापरून मोडली तर खुलासा द्यावा लागतो. न वापरता कुजली तर ठरलेल्या मुदतीनंतर निर्लेखनाचा प्रस्ताव करता येतो. असे प्रस्ताव मीही केले आहेत, ही कबुली इथेच देऊन टाकतो. रजिस्टरात 'किती मुले शिकली' असा रकानाच नसतो. खुद्द बालचित्रवाणीला २०१७ साली कुलूप लागले.

पण याच सीमेवर, कोगनोळीपासून काही किलोमीटरवरच्या निपाणीत, एक वेगळी गोष्ट घडून गेली आहे. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ साली तिथे तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, गोळीबारात शेतकरी मारले गेले. ते बहुतेकांना आठवते. त्याच काळात तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायाही संघटित होत होत्या. दिवसभर तंबाखूच्या धुरळ्यात काम, मजुरी तुटपुंजी, वर मुकादमाची अरेरावी. दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'युगांतर' या गटाने १९८२ साली या बायांवर 'तंबाकू चाकीला ऊब आली' ही सुमारे २५ मिनिटांची मराठी फिल्म केली. आदल्या वर्षी याच गटाने पुण्यातील मोलकरणींवर 'मोलकरीण' केली होती.

ही फिल्म बायांवर आहे म्हणण्यापेक्षा बायांनी मिळून केलेली आहे, असे म्हणायला हवे. संघटना कशी झाली, संप कसा ठरला, ते प्रसंग त्यांनीच पुन्हा उभे केले. बोलणे त्यांचे, त्यांच्याच बोलीत. आणि या गटाची रीत अशी की फिल्म संघटनांच्या बैठकांत, वस्त्यांत दाखवायची, आणि पडदा काळा झाला की बोलायला बसायचे. अक्षरओळख नसलेली बाई पडद्यावर आपल्यासारखीला मालकापुढे बोलताना बघते, शेजारणीला काहीतरी म्हणते, तिथून चर्चा सुरू होते. मला तरी यात पिंगुळीचा चित्रकथी दिसतो. यंत्र बदलले, पण पडद्याशेजारी माणूस आहे आणि भाषा ऐकणाऱ्याची आहे.

अलीकडचे एक उदाहरण सांगतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले म्हणून २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, एवढेच बहुतेकांच्या लक्षात आहे. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, हेही काहींना आठवेल. पण कोड घालण्याआधी त्यांनी दुसरे एक काम केले होते. त्यांच्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके वेगळ्या भाषेत. गुरुजी कन्नड शिकले आणि पुस्तके मुलांच्या भाषेत नेली. कोगनोळीच्या मराठी पोरीची अडचण आणि परितेवाडीच्या कन्नड पोराची अडचण एकच आहे. सीमावादात आपण एकमेकांच्या पाट्या मोजतो. तेवढ्या आस्थेने या पोरांचे धडे कुणी मोजलेले मी पाहिले नाहीत, दोन्ही बाजूंना.

२०२० मध्ये महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' आली आणि कर्नाटकात चंदनावर 'संवेद'. दोन्ही उपक्रम चांगल्या हेतूने केलेले. पण दोन राज्यांच्या मधोमध राहणाऱ्या पोरीने काय करावे, तर एका राज्याचे पुस्तक वाचावे, दुसऱ्याचा धडा बघावा, आणि दोन्ही जुळवायचे काम स्वतःच करावे.

असो. टपरीवरची ती मुलगी मला म्हणाली, "काका, ह्यात आमची नदी दावली न्हाई."

नकाशा सगळ्या राज्याचा होता, त्यात दूधगंगा कुठून दिसणार? मी आरटीपीसीआरच्या कागदाची मागची बाजू उलटी केली. टपरीवाल्याकडून पेन घेतले. सह्याद्रीची एक रेघ काढली, तिच्यातून निघणारी दूधगंगा काढली, ती पुढे कृष्णेला मिळते ते दाखवले. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक टिंब देऊन म्हटले, "आणि हा आमचा गोवा."

"म्हंजे ह्यो डोंगूर तुमचा बी हाय?"

मी हो म्हटले. बसचा हॉर्न वाजला. कागद तिने ठेवून घेतला असता, पण तो मला नाक्यावर दाखवायचा होता.