तारेचा आवाज कोठून घ्यावा?

माळव्यात पवारांनी जी राज्ये उभारली, त्यांत धार आणि देवास ही प्रमुख होत. देवास तर थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्यांत वाटलेले होते. १९४८ साली ही संस्थाने विलीन झाली आणि त्याच वर्षी क्षयाने ग्रासलेले तरुण गायक कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले. कित्येक वर्षे त्यांना गाणे बंद होते. ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा त्यांचे एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. तंबोरे सुरात लावण्याविषयीचा त्यांचा कटाक्ष प्रसिद्धच आहे. ज्याचा श्वास आखूड झाला, त्याला तंबोऱ्याच्या अखंड नादाचा आधार केवढा मोठा!

त्या नादात एक शास्त्रीय कोडे आहे. ताणलेली तार छेडली म्हणजे ती सबंध तर हलतेच, शिवाय तिचे दोन, तीन, चार असे समान भागही कंप पावतात व उपस्वर उमटतात. हे भाग जेथे जुळतात, ते बिंदू त्या उपस्वरापुरते निश्चल राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस यंग यांनी नियम सांगितला, की ज्या उपस्वराच्या निश्चल बिंदूवर तार छेडावी, तो उपस्वर उमटत नाही. मग तंबोऱ्याची तार बरोबर मध्यावर छेडली, तर वरचा षड्ज लोपावयास हवा. पण तो लोपत नाही. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी याचे मूळ घोडीत असल्याचे दाखविले. घोडीचा माथा रुंद व किंचित वक्र असतो. तारेखाली जवारीचे सूत असते. कंप पावणारी तार त्या माथ्याला वारंवार स्पर्श करते आणि हरवलेले उपस्वर पुन्हा जागे होतात.

विजेच्या बास गिटारला अशी घोडी नाही. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी जो बास बाजारात आणला, त्याची तार ३४ इंचांची होती. तिच्याखाली लोहचुंबकाभोवती तारेचे वेटोळे असलेला पिकअप बसविलेला असतो. तोच या वाद्याचा कान. यंग यांचा नियम येथेही लागू पडतो. घोडीपासून साडेआठ इंचांवर, म्हणजे तारेच्या चतुर्थांशावर, पिकअप ठेवला तर चौथा उपस्वर त्याला ऐकू येत नाही. मानेकडे सरकविला तर मूळ स्वर भरदार होतो. घोडीकडे नेला तर धार वाढते, पण खर्ज क्षीण होतो. वादकाने पाचव्या पडद्यावर बोट ठेवले की तार तीन-चतुर्थांश उरते. तोच पिकअप मग तिच्या तृतीयांशावर येतो आणि चौथ्याऐवजी तिसरा उपस्वर गमावतो! सर्व स्वरांना सारखीच मानवेल अशी जागा त्या तारेवर नाही. १९६० साली फेंडर यांनी जाझ बासला दोन पिकअप दिले. एकाची उणीव दुसऱ्याने काही अंशी भरावी.

तंबोऱ्याची तार मोकळीच वाजते; तिला पडद्यांचा जाच नाही. तरीही केवळ छेडण्याची जागा साधून तिचे काम भागत नाही. मिरजेच्या कारागिराने घासलेली घोडी आणि केसभर सरकविलेले सूत यांवरच सारे अवलंबून असते. बासचा कारागीर कान कोठे ठेवावा, हे एकदाच ठरवितो. तंबोरा लावणाऱ्याला ते प्रत्येक मैफलीपूर्वी स्वतःच्या कानाने नव्याने ठरवावे लागते. देवासच्या त्या गायकाने १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत, हाच कान जागा ठेवला.